माझ्या बाजूला

नागपुरात शेजाऱ्यांना बाजूवाले म्हणतात. शेजारच्या काकू आमच्याकडे बाजूच्या काकू होतात, पलीकडच्या गल्लीतला किराणा बाजूच्या लाइनीतला होतो, आणि पत्ता विचारला की सांगणारा हात लांब करून म्हणतो, "ते काय, मारोतीच्या मंदिराच्या बाजूनंच." 'शेजारी' हा शब्द आम्हाला येतो, निबंधात आम्ही तो लिहितोही, पण बोलताना तोंडात बाजूच येते. लग्न होऊन पुण्याला गेलेली माझी मैत्रीण पहिल्याच आठवड्यात घरी म्हणाली, "बाजूच्या काकू आल्या होत्या." सासूबाईंनी सरळ मनानं विचारलं, "बाजूच्या म्हणजे? कोणाच्या बाजूच्या?"

तिनं मला हे फोनवर सांगितलं तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेलेला नाही. कारण या शब्दाचं सगळं मर्म त्या प्रश्नात आहे.

आमची हिंदीही याच शब्दावर चालते. उत्तरेकडचा माणूस 'बगल में' म्हणतो, नागपूरचा 'बाजू में' म्हणतो. मुंबईच्या हिंदीत हेच ऐकू येतं, हैदराबादच्या दख्खनीतही हेच. मराठीनं 'बगल' घेतली ती काखेपुरती. शिवाय 'बगल देणे' म्हणजे टाळणे, त्यामुळे तिथे जिव्हाळ्याला जागा राहिली नाही.

मूळ फारसीत 'बाजू' म्हणजे हात, त्यातही खांद्यापासून कोपरापर्यंतचा दंड. दंडावर बांधायचा तो बाजूबंद, त्या दागिन्यानं जुना अर्थ अजून धरून ठेवला आहे. संस्कृतातला 'बाहू' आणि हा 'बाजू' एकाच घराण्यातले. फार पूर्वी वेगळे झाले आणि दोन वेगळ्या वाटांनी मराठीत येऊन पुन्हा एका ओसरीवर बसले. बाहू पोवाड्यात आणि पुराणात रमला, संसार मात्र बाजूच्या गळ्यात पडला. शाळेच्या भूमितीत तर दोघांचं गोत्र एका ओळीत दिसतं. ज्याच्या तिन्ही बाजू समान तो समभुज त्रिकोण, म्हणजे हातच हात. 'पार्श्व' हा शब्द बरगडीवरून आला. कड म्हणजे कंबर, म्हणून लेकरू कडेवर घ्यायचं. आपल्या पूर्वजांना जवळपणा सांगायचा होता तेव्हा त्यांनी स्वतःच्या अंगाकडे पाहिलं: दंड, बरगडी, कंबर. मला हे फार मोलाचं वाटतं. जिथवर हात पोचतो तिथवर बाजू. आणि हात दोन्ही कामं करतो, ओढूनही घेतो आणि ढकलूनही देतो.

ही दोन्ही कामं 'बाजूला' या एका रूपात कशी मावली आहेत ते पाहा. "माझ्या बाजूला बस" म्हटलं की माणूस जवळ येतो. "बाजूला बस" म्हटलं की तोच माणूस दूर जातो. दप्तर आईच्या बाजूला ठेवलं तर ते हाताशी असतं, नुसतं बाजूला ठेवलं तर ते नजरेआड होतं. क्रियापद तेच, विभक्ती तीच. फरक इतकाच की एका वाक्यात बाजूच्या आधी कुणीतरी आहे आणि दुसऱ्यात कुणी नाही. माझ्या, तुझ्या, आईच्या असा एक मालक त्या शब्दाला मिळाला की तो प्रेमळ होतो. मालक काढून घेतला की तोच शब्द हाकलून लावतो. 'जवळ'चं असं होत नाही, 'शेजारी'चंही नाही. "शेजारी बस" म्हटलं की कुणीही जवळच येणार, दूर जाणार नाही. "शेजारी हो" असं कोणी म्हणत नाही, "बाजूला हो" मात्र रस्त्यावर दिवसभर ऐकू येतं. आणि आम्ही नागपूरकरांनी आपल्या सर्वात जवळच्या बिनरक्ताच्या माणसांसाठी नेमका हा दुधारी शब्द निवडला.

माझं लहानपण अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. दोन क्वार्टरांची एक पाठभिंत, आणि मागच्या अंगणांमधली भिंत कमरेइतकी. पलीकडच्या अंगणात जामाचं झाड होतं. (बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात.) ते झाड वाढता वाढता आमच्याकडे झुकलं. त्याची मुळं त्यांच्याकडे, अर्धे जाम आमच्याकडे, आणि यावर कधी कुणाची तक्रार झाली नाही. भिंतीच्या माथ्यावरचा एक हातभर भाग वाटीभांडं ठेवून ठेवून गुळगुळीत झाला होता. त्यावर कधी कोहळ्याच्या बोंडांची ताटली यायची, कधी विरजणाचं भांडं, आणि गेलेली वाटी रिकामी परत येत नसे. त्यांच्या कुकरची शिट्टी आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. एखाद्या दिवशी ती वाजली नाही की आई भिंतीपाशी जाऊन हाक मारायची, "काय झालं वो? बरं नाही काय?"

उन्हाळ्याचं तर सांगायलाच नको. नागपूरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे सरकला की घराच्या भिंती रात्रीसुद्धा तापलेल्या राहायच्या. सूर्य कलला की अंगणात बादल्या बादल्या पाणी शिंपडायचं, मातीतून वाफ निघून गेली की बाजा टाकायच्या. आमच्या बाजा भिंतीच्या या अंगाला, त्यांच्या त्या अंगाला. मच्छरदाण्या बांबूंना बांधल्या की सगळं अंगण पांढरं दिसायचं. लोकोशेडकडून इंजिनाचा आवाज यायचा आणि मोठी माणसं भिंतीआरपार बोलत राहायची. कोणाच्या बदलीची ऑर्डर निघाली, कोणाच्या पोरीला पाहायला आले, संत्र्याचा अंबिया बहार कसा आहे. पुढे घरोघरी वाळ्याचे कूलर आले. दार लावून कूलरसमोर झोपायची सवय लागली आणि अंगणातल्या बाजा उचलल्या गेल्या. कूलरनं नागपूरकरांचा जीव वाचवला हे खरंच आहे. पण त्या भिंतीआरपारच्या गप्पा त्याच्या घरघरीत कायमच्या बुडाल्या. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याच घरात मी या शब्दाची दुसरी धारही पाहिली. महिन्याचे ते दिवस आले की आई 'बाजूला बसायची'. मराठीत याला आणखीही शब्द आहेत, बाहेरची होणे, कावळा शिवणे. पण आमच्या घरी बाजूला बसणंच म्हणत. मागच्या व्हरांड्यात एक चटई, एक तांब्या, एक वेगळी ताटली. वाक्याकडे नीट पाहा: कोणाच्या बाजूला? कोणाच्याच नाही. त्या 'बाजूला'च्या आधी कुणीच नाही. आई घरातच होती, डोळ्यांसमोर होती, आणि तरी कोणाच्याही बाजूला नव्हती. माझा धाकटा भाऊ तिच्याकडे धावला की आजी त्याला मधूनच उचलून घ्यायची.

त्या दिवसांत आमच्या पोळ्या बाजूच्या काकू करायच्या. त्यांच्या पाळीला आई त्यांच्याकडे भाजी-पोळी पोचवायची. दोघींनी हे कधी ठरवलं असेल असं मला वाटत नाही, ते आपोआप लागलेलं वळण होतं. दुपारची कामं आटोपली की काकू भिंतीपलीकडे पाट ओढून बसायच्या, तांदूळ निवडत, आणि आईशी बोलत राहायच्या. मधे भिंत होती, त्यामुळे विटाळाचा प्रश्न येत नव्हता. घरात जिला कोणाच्याही बाजूला बसता येत नव्हतं, तिच्या बाजूला भिंतीपलीकडून एक बाई बसत होती. यामुळे तो नियम गोड होत नाही. तो वाईटच होता, आणि आमच्या विदर्भातून तो अजून पुरता गेलेला नाही. गडचिरोलीकडच्या कित्येक गावांत पाळी आलेल्या बायकांसाठी गावाच्या कडेला कुर्माघर असतं. त्या झोपडीत पावसाळ्याच्या, थंडीच्या रात्री काढाव्या लागतात, सापाविंचवाची भीती असते. तिथे 'बाजूला' या शब्दाचा अर्थ अगदी उघडा पडतो.

माझी वेळ आली तेव्हा आजी म्हणाली, "बाजूला बसव तिले." आई चुलीपाशी होती. मागे वळून न पाहता म्हणाली, "बसन ना. माह्या बाजूनं बसन." आणि हातानं पाट सरकवून मला तिथेच बसवलं. आजी दोन दिवस बोलली नाही. आमच्या घरातला तो नियम त्या एका सामान्यरूपानं मोडला, 'माह्या'नं. आई आठवी शिकलेली होती, व्याकरणासाठी ती काही बोलली नव्हती. पण भाषेत जी जागा रिकामी ठेवली होती तिथे ती स्वतः जाऊन बसली, असं मला आता वाटतं.

माझ्या या हिशोबात एक वाक्य बसत नाही आणि त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. "तुझं बाजूला काढून ठेवलंय." पुरणपोळी असो, शिकरण असो, घरी यायला उशीर झालेल्या माणसाचा वाटा आई आधीच काढून ठेवते. "चार पैसे बाजूला टाकत जा" हेही तसंच. इथे बाजूच्या आधी कुणी नाही, वस्तू दूरच ठेवली जाते, आणि तरी यात माया ओतप्रोत आहे. मग लक्षात येतं की माणूस इथेही आहे, फक्त वाक्यात आधी येऊन बसला आहे: तुझं. ज्याच्यासाठी काढलं त्याचं नाव कुठेतरी असलं की बाजूला ठेवणंसुद्धा जवळ ठेवणं होतं. वडील रेल्वेच्या अकाउंट्समध्ये होते, त्यांच्या वहीत जमेची बाजू आणि खर्चाची बाजू समोरासमोर असे. 'जमेची बाजू' हा वाक्प्रचार मी त्या वहीवरूनच शिकले. आईची मात्र एक तिसरी बाजू होती, ती कोणत्याच वहीत नव्हती. ती डब्यांच्या फळीमागच्या पत्र्याच्या डब्यात होती.

भांडणातला आणि न्यायातला अर्थ याच हाताला लागून आलेला. बाजू घेणे, बाजू सावरणे, बाजू मांडणे. 'कड घेणे' हेही तेच, तिथे फक्त हाताऐवजी कंबर. सिव्हिल लाइन्समधली उच्च न्यायालयाची घुमटाची इमारत आम्ही लहानपणापासून बसमधून पाहत आलो. १९३६ साली इथे स्वतंत्र नागपूर उच्च न्यायालय सुरू झालं, १९५६ला त्याच्या जागी मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ आलं. पेपरात रोज येतं, "याचिकाकर्त्याची बाजू अमुक वकिलांनी मांडली." दुसऱ्याची बाजू मांडायची म्हणजे त्याच्या बाजूला उभं राहायचं, हा जुना शारीरिक अर्थ मला त्या छापील वाक्यात दिसतो. ज्याची बाजू मांडायला कुणी नाही, त्याला बाजू असूनही नाही.

शहरालाही बाजू असतात. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली, आणि पुढे रुळांनी या शहराचे सरळ दोन भाग केले. एकीकडे महाल, इतवारी, गांधीबाग, दुसरीकडे सीताबर्डी, धरमपेठ, सिव्हिल लाइन्स. स्टेशनच्या मागच्या दाराला अजूनही 'संत्रा मार्केट साइड' म्हणतात. इतवारीतल्या आजीला धरमपेठेत जायचं असलं की ती "तिकडल्या बाजूले" जायची, आणि त्या शब्दात दुसऱ्या गावाला निघाल्याची तयारी असायची. पूल होते, आहेत, आता रामझुलाही झाला. पण 'तिकडली बाजू' गेली नाही.

आणि या अख्ख्या शहराला एक सल आहे, त्यालाही हाच शब्द लागतो. नागपूर मध्य प्रांताची, वऱ्हाडाची आणि पुढे मध्य प्रदेशाची राजधानी होतं. १९५३चा नागपूर करार झाला, १९५६ला राज्यपुनर्रचना झाली, राजधानीपण गेलं, आणि त्या करारातून आलेलं हिवाळी अधिवेशन हातात राहिलं. डिसेंबरात काही दिवस सगळं सरकार आमच्या बाजूला येऊन बसतं. बाकी वर्षभर इथली माणसं म्हणतात, "विदर्भ बाजूला पडला." सिंचनाचा अनुशेष, नोकऱ्यांसाठी पुण्या-मुंबईला गेलेली पोरं, या सगळ्याचं दुखणं त्या 'पडला'मध्ये आहे. ते दुखणं खोटं नाही.

पण बाजूला टाकलं जाणं म्हणजे काय, हे या शहरात सर्वात खोलवर ज्यांना माहीत होतं ते लोक १४ ऑक्टोबर १९५६ला इथे जमले. गाव ज्यांना शतकानुशतकं गावकुसाबाहेर ठेवत आलं, ज्यांची सावलीही बाजूला राहावी अशी व्यवस्था होती, ते लाखोंनी पांढऱ्या कपड्यांत नागपुरात आले. महास्थवीर चंद्रमणींकडून बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा त्यांच्या बाजूला त्यांच्या पत्नी माईसाहेब उभ्या होत्या, त्यांनीही दीक्षा घेतली. मग बाबासाहेबांनी स्वतः समोरच्या जनसमुदायाला दीक्षा दिली. दरवर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या आजूबाजूचे रस्ते माणसांनी भरून जातात. फुटपाथवर पुस्तकांच्या दुकानांच्या रांगा लागतात, वस्त्यावस्त्यांतून जेवणाचे पेंडॉल उभे राहतात. लांबून आलेली कुटुंबं रात्री एकमेकांना लागून सतरंज्या टाकतात. कोण कोणाच्या बाजूला झोपलं हे तिथे कोणी विचारत नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या फक्त नुसतं 'बाजूला' ऐकावं लागलं त्यांनी त्या शब्दाच्या आधी 'एकमेकांच्या' लावलं. माझ्या शहरात हे घडलं याचा मला अभिमान आहे.

काही वर्षांपूर्वी वडिलांच्या मांडीचं हाड मोडलं आणि आम्ही मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या, वॉर्डात होतो. नागपूरचं मेडिकल म्हणजे चंद्रपूर, गडचिरोली, गोंदिया, भंडारा, अगदी छिंदवाडा-बालाघाटपासूनचे रुग्ण. बाजूच्या बेडवर नागभीडकडचे एक शेतकरी होते, धानाच्या पोत्यांच्या गाडीवरून पडलेले. त्यांची बायको खाली चटईवर झोपायची. इतवारीला येणारी ती नागभीडची छोटी गाडी तेव्हा अजून चालू होती, तिच्यातून त्यांच्या घरचं कुणी ना कुणी डबा, पांघरूण घेऊन यायचं. पहिल्या दिवशी तिनं मला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाली, "तुमी जा बाई, अंघोळ करून या. मी आहो ना बाजूनं."

मी घरी गेले, झोप लागली आणि परत यायला रात्र झाली. आले तेव्हा वडिलांचं पांघरूण नीट केलेलं होतं, सलाइनची बाटली बदललेली होती, आणि ती दोन्ही बेडांच्या मधल्या स्टुलावर बसून एका हातानं नवऱ्याचे पाय चेपत होती. नंतर बाबांनी सांगितलं. ड्युटीवरच्या सिस्टरनं तिला विचारलं होतं, "तुम्ही यांच्या कोण?" पासवर रुग्णाशी नातं लिहावं लागतं, म्हणून विचारलं असणार. ती म्हणाली, "बाजूवाली." सिस्टरनं मान हलवली आणि औषधं कधी द्यायची ते तिला समजावून सांगितलं.

आम्ही त्यांच्या आधी घरी गेलो. जाताना बाबांनी त्या दादांचा हात धरून ठेवला, पण दोघांनाही बोलायचं सुचेना. त्या बाईंचं नाव मी विचारलं होतं, नंबरही घेतला. फोनमध्ये मात्र मी तो 'बाजूचा बेड, नागभीड' असा ठेवला आणि अजून बदललेला नाही. धान निघालं की तिचा फोन येतो. आधी बाबांच्या पायाचं विचारते, मग स्वतःच्या घरातलं सांगते, आणि गेल्या वेळी म्हणाली की पोरीला नागपूरला नर्सिंगला टाकायचं आहे, होस्टेल मिळालं नाही तर खोली पाहून ठेवा. मी आमच्याच लाइनीत पाहते आहे.